सॅम बर्जेस : रग्बी लीगमधल्या फॉरवर्डची कारकीर्द कशाने मोजावी?

सिडनीवासी

नमस्कार मंडळी,

५ ऑक्टोबर २०१४ च्या रविवारी संध्याकाळी मी सिडनीच्या ऑलिंपिक पार्कमधील मैदानात ८३,८३३ प्रेक्षकांमध्ये बसलो होतो. या देशात येऊन मला तेव्हा दीड वर्ष झाले होते, रग्बी लीगचे नियम अर्धवट ठाऊक होते आणि माझ्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने तिकीट आग्रहाने दिले होते. त्याचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या साउथ सिडनी रॅबिटोज या संघाचे पाठीराखे होते, आणि त्या संघाने १९७१ नंतर एकदाही विजेतेपद मिळवलेले नव्हते. सामना सुरू झाला. रॅबिटोजच्या १३ क्रमांकाच्या खेळाडूने चेंडू छातीशी धरून पहिली धडक घेतली, समोरून कँटरबरी बुलडॉग्जचा जेम्स ग्रॅहम आला, दोघांची डोकी एकमेकांवर आदळली आणि १३ क्रमांकाचा तो खेळाडू गालावर हात धरूनच उठला. गालाचे आणि डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले होते, हे आम्हां प्रेक्षकांना नंतर समजले. तो पूर्ण ८० मिनिटे खेळला, रॅबिटोजने ३०-६ असा विजय मिळवला आणि अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे क्लाइव्ह चर्चिल पदक त्यालाच मिळाले. तो म्हणजे सॅम बर्जेस.

त्याची कारकीर्द थोडक्यात सांगतो. जन्म १९८८ चा, इंग्लंडमधल्या वेस्ट यॉर्कशायरमधील ड्यूजबरीचा. २००६ मध्ये सतराव्या वर्षी ब्रॅडफर्ड बुल्सकडून पदार्पण, २०१० पासून रॅबिटोज, २०१४ च्या विजयानंतर लगेच रग्बी युनियन हा रग्बीचा दुसरा प्रकार खेळण्यासाठी बाथ हा इंग्लिश क्लब, एका वर्षात पुन्हा रॅबिटोज, आणि खांद्याच्या दुखण्यामुळे ऑक्टोबर २०१९ मध्ये तिसाव्या वर्षी निवृत्ती. क्लबकडून एक विजेतेपद आणि ते एक पदक, एवढीच मोठी नोंद. विश्वचषक हाती लागला नाही.

फॉरवर्ड फार ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवून गुण मिळवणे) करत नाही, त्यामुळे गुणफलकावर त्याचे नाव क्वचितच दिसते. क्रिकेटमध्ये आपण धावा आणि बळी मोजतो. मग अशा खेळाडूची कारकीर्द कशाने मोजावी? आणि यशाच्या शिखरावर असताना युनियनकडे जाण्याचा त्याचा निर्णय आपल्याला कसा वाटतो? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

मेघना_प

विषय नवा आहे. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर मी लहानपणी रग्बी पाहिले आहे. ते हेच का? आणि फॉरवर्ड म्हणजे नेमके कोण, हे कोणी समजावून सांगेल का?

पेनाइनपार

मेघनाताई, जिमखान्यावर खेळतात ते रग्बी युनियन; त्यात एका संघात १५ खेळाडू असतात. लीगमध्ये १३ असतात. मी गेली अठरा वर्षे यॉर्कशायरमध्ये राहतो आणि इथे ‘रग्बी’ म्हटले की बहुतेक गावांत लीगच समजले जाते, म्हणून जमेल तेवढे सांगतो.

चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला सहा टॅकल मिळतात. चेंडू घेतलेला खेळाडू पकडून खाली पाडला गेला की एक टॅकल संपतो. मग तो उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुन्हा सुरू होतो. याला प्ले-द-बॉल म्हणतात. त्या वेळी बचाव करणाऱ्या संघाला, समोर उभे राहणारे दोन मार्कर वगळता, दहा मीटर मागे जावे लागते. सहाव्या टॅकलनंतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो, म्हणून पाचव्यानंतर बहुधा चेंडू लाथेने दूर मारतात.

आता फॉरवर्डचे काम पाहा. ८ आणि १० क्रमांकाचे प्रॉप, ९ चा हुकर, ११ आणि १२ चे सेकंड रो आणि १३ चा लूज फॉरवर्ड, असे सहा जण असतात. आपला संघ स्वतःच्या गोलरेषेजवळ अडकलेला असताना पहिले दोन-तीन टॅकल बहुधा यांच्याच वाट्याला येतात. समोर तीन माणसे धावत येत आहेत, आपल्याला पडायचेच आहे, हे ठाऊक असताना पूर्ण वेगाने त्यांच्यात शिरायचे असते. त्यातून मिळतात आठ-दहा मीटर, आणि त्याहून मौल्यवान म्हणजे पडल्यावर चटकन उठता आले तर समोरची बचावफळी मागे जाऊन सावरण्याआधीच आपला हुकर चेंडू उचलतो. चार टॅकलनंतर कोपऱ्यातला वेगवान खेळाडू ट्राय करतो आणि टाळ्या त्याला मिळतात. चेंडू गेला की हेच फॉरवर्ड टॅकल करतात, उठतात, दहा मीटर मागे पळतात, पुन्हा पुढे येऊन टॅकल करतात. या कामाने माणूस इतका थकतो, की प्रॉपला बहुतेक सामन्यांत मधे बाहेर बसवून विश्रांती द्यावी लागते. म्हणूनच बर्जेसने त्या दिवशी पूर्ण ८० मिनिटे खेळणे, हाड शाबूत असते तरीही, दाद देण्यासारखेच ठरले असते.

मेघना_प

धन्यवाद. इतके स्पष्ट आजवर कोणी सांगितले नव्हते.

डावा_कोपरारक्षक

मी सांगली जिल्ह्यात बावीस वर्षे कबड्डी खेळलो आणि आता मुलांना शिकवतो. पेनाइनपार यांचे वर्णन वाचताना माझ्या मनात सतत आमची साखळी येत होती. चढाईपटूच्या मांडीला पहिला हात घालणारा कोपरारक्षक आणि त्याच्यावर झेपावून पकड पक्की करणारे बाकीचे, यांत पहिल्याचे नाव फार तर पकडीच्या गुणापुरते राहते; पण तो पहिला हात अर्धा क्षण उशिरा पडला तर सगळेच बाद होतात.

धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की अशा खेळाडूची कारकीर्द त्याच्या सहकाऱ्यांना विचारून मोजावी. संघ दमलेला असताना चेंडू कोणाकडे द्यावासा वाटत होता, हा प्रश्न त्यांना विचारावा. आकडे नंतर पाहावेत.

गिरणगावकर

या खेळाचा जन्मच मजुरीच्या प्रश्नातून झाला, ही गोष्ट या चर्चेत यायलाच हवी. इंग्लंडच्या उत्तरेकडील गिरण्यांमध्ये आणि कोळशाच्या खाणींत शनिवारीही काम असे. सामन्यासाठी रजा घेतली की त्या दिवसाची मजुरी बुडे. उत्तरेकडील क्लबांचे म्हणणे एवढेच होते, की बुडालेली मजुरी भरून देऊ द्या. रग्बी युनियनच्या धुरीणांनी १८९३ मध्ये लंडनच्या सभेत ते फेटाळले. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लब जमले आणि त्यांनी वेगळी नॉर्दर्न युनियन स्थापन केली. तीत दिवसाला ६ शिलिंगांपर्यंत भरपाई देण्याची मुभा होती. १८९८ मध्ये उघड मानधन मान्य झाले, पण खेळाडूने दुसरी नोकरी केलीच पाहिजे अशी अट होती. प्रेक्षकांना वेगवान खेळ हवा म्हणून नियम बदलत गेले आणि १९०६ मध्ये खेळाडू १५ वरून १३ झाले.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते आणि गिरणीच्या संघातून कबड्डी खेळत. सामन्याच्या दिवशी पाळी बदलून मिळावी म्हणून त्यांना जॉबरपुढे किती वेळ उभे राहावे लागे, हे मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. म्हणून ही सहा शिलिंगांची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा ती मला परकी वाटली नाही. बर्जेसचे ड्यूजबरी हे गावही लोकरीच्या गिरण्यांचेच. जुन्या लोकरी चिंध्या पिंजून त्यांतून नवे कापड विणण्याचा धंदा त्या परिसरात वाढला. अंग झिजवून पोट भरणाऱ्यांच्या गावातून फॉरवर्ड निपजतात, असे मी म्हटले तर पेनाइनपार कदाचित मला दुजोरा देतील.

पेनाइनपार

दुजोरा देतो, मात्र एक भर घालून. ड्यूजबरी आणि बॅटलीत आज गिरण्या जवळजवळ उरल्या नाहीत, पण हौशी क्लब टिकून आहेत. वडील खेळले म्हणून मुलगा खेळतो, ही परंपरा अजून जिवंत आहे. बर्जेसचे वडील मार्क हेही व्यावसायिक रग्बी लीग खेळलेले होते.

निर्मला_भौतिकोपचार

मी पुण्यात गेली एकवीस वर्षे भौतिकोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझ्याकडे कबड्डी, कुस्ती आणि हँडबॉल खेळणारी मुले नियमित येतात. धाग्यातील पहिल्या परिच्छेदाबद्दल माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते.

डोळ्याची खोबण मोडलेली असताना खेळत राहणे धोक्याचे असते. त्या हाडाच्या तळाचा पापुद्रा अतिशय पातळ असतो. तो मोडला तर डोळा हलवणारा स्नायू फटीत अडकू शकतो आणि दुहेरी दिसू लागते. त्यात दुसरा मार बसला तर दृष्टीच जाऊ शकते. शिवाय ज्या धडकेने हाड मोडले, त्या धडकेने मेंदूला किती हादरा बसला असेल, याचा विचार आधी करायला हवा. आज डोक्याला मार बसल्याचा संशय आला तर खेळाडूला बाहेर काढून १५ मिनिटे तपासण्याचा नियम आहे, आणि तो उगीच आलेला नाही.

अशा प्रसंगांचे कौतुक झाले की त्याचा परिणाम माझ्या दवाखान्यात दिसतो. मागच्या वर्षी खांदा निखळलेल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने मला सांगितले, की प्रशिक्षकांनी पट्टी बांधून त्याला उत्तरार्धात उतरवले होते, आणि तो ते अभिमानाने सांगत होता. बर्जेसच्या निर्णयाला मी दोष देत नाही. पंचवीस वर्षांच्या माणसाने अंतिम सामन्यात काय करावे, हे त्याने ठरवले. पण त्याच्या थोरवीचा पुरावा म्हणून आपण तीच ८० मिनिटे पुढे करावीत का?

विचारमग्न

निर्मलाताईंना पूर्ण अनुमोदन.

सिडनीवासी

निर्मलाताई, आपला आक्षेप मी गंभीरपणे घेतो. त्या रात्री मी टाळ्या वाजवल्या होत्या, हे कबूल करतो. तरीही रॅबिटोजच्या लोकांना त्या प्रसंगाचे एवढे का वाटते, हे सांगितल्याशिवाय चित्र पूर्ण होणार नाही.

१९७० च्या अंतिम सामन्यात मॅन्लीविरुद्ध रॅबिटोजचा कर्णधार आणि प्रॉप जॉन सॅटलर याचा जबडा सुरुवातीच्या काही मिनिटांतच मोडला. त्याने मैदान सोडले नाही आणि संघ २३-१२ असा जिंकला. रेडफर्न या क्लबच्या मूळ वस्तीत आणि आसपासच्या भागांत ही गोष्ट मुलांना झोपताना सांगितल्यासारखी सांगितली जाते. १९०८ मध्ये स्थापन झालेला हा क्लब १९९९ च्या हंगामानंतर स्पर्धेतून काढून टाकण्यात आला, कारण स्पर्धेतील संघांची संख्या कमी करायची होती. लोकांनी सिडनीच्या रस्त्यांवर प्रचंड मोर्चे काढले, क्लबने न्यायालयात दाद मागितली आणि २००० व २००१ असे दोन हंगाम बाहेर काढून संघ २००२ मध्ये परतला. २००६ मध्ये अभिनेता रसेल क्रो आणि त्याच्या भागीदाराने क्लबची मालकी घेतली, आणि क्रोनेच पुढे बर्जेसला इंग्लंडहून इकडे यायला राजी केले. त्यामुळे २०१४ मध्ये जेव्हा एका फॉरवर्डने पुन्हा मोडलेल्या हाडानिशी सामना पूर्ण केला, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या सत्तरीच्या गृहस्थांना चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा सॅटलर दिसत होता. ते शेवटची दहा मिनिटे काहीही न बोलता डोळे पुसत होते.

निर्मला_भौतिकोपचार

सिडनीवासी, आपण लिहिलेला इतिहास वाचून त्या गृहस्थांबद्दल मला मनापासून आपुलकी वाटली. परंतु सॅटलरची गोष्ट तिथेच थांबत नाही. त्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला आणि २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. एका माणसाच्या आजाराचे कारण त्याच्या खेळात होते, असे ठामपणे म्हणणे मला माझ्या व्यवसायाच्या शिस्तीत बसत नाही, म्हणून तसे म्हणत नाही. पण २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात रग्बी लीगच्या दोन माजी खेळाडूंच्या मेंदूत, मृत्यूनंतरच्या तपासणीत, वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांशी जोडला जाणारा विकार आढळल्याचे जाहीर झाले. हा विकार जिवंतपणी खात्रीने ओळखताच येत नाही. त्या दिवशी बर्जेसशी ज्याची टक्कर झाली, तो जेम्स ग्रॅहमही पुढे या विषयावर जाहीरपणे बोलू लागला. फॉरवर्डच्या कारकिर्दीचे मोजमाप करताना हा हिशेबही मांडला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

डावा_कोपरारक्षक

निर्मलाताई, त्या सोळा वर्षांच्या मुलाबद्दल वाचून मला अस्वस्थ वाटले, कारण दहा वर्षांपूर्वी मीही एका मुलाला तसेच खेळवले आहे. त्याचा गुडघा पुढे कधीच पूर्ववत झाला नाही. आता मी खेळवत नाही.

मात्र एक सांगतो. ज्या खेळात शरीर शरीराला भिडते, त्यात कोणीच पूर्ण शाबूत घरी जात नाही. दुखणे आणि दुखापत यांतला फरक ओळखणे हीच खरी विद्या आहे, आणि ती खेळाडूला एकट्याला पेलत नाही. त्याच्या वतीने ‘पुरे’ म्हणणारा माणूस बाहेर असावा लागतो.

अनघा_वाचते

वाचत आहे. कृपया त्याच्या कुटुंबाबद्दलही कोणी लिहावे. वडिलांचा उल्लेख अर्धवट राहिला आहे.

पेनाइनपार

अनघाताई, लिहितो. मार्क बर्जेस यांना मोटर न्यूरॉन डिसीज झाला. या आजारात मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे संदेश पोहोचेनासे होतात, एकेक स्नायू निकामी होतो आणि बुद्धी बहुधा शाबूत राहते. घरी वडिलांची शुश्रूषा चालू असतानाच सॅम ब्रॅडफर्डकडून खेळू लागला. २००७ मध्ये वडील गेले, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याला सुपर लीग या इंग्लंडमधल्या मुख्य स्पर्धेतील सर्वोत्तम तरुण खेळाडूचा पुरस्कार मिळाला आणि ग्रेट ब्रिटनकडून खेळताना न्यूझीलंडच्या फुइफुई मोइमोई या अवाढव्य प्रॉपवर त्याने केलेला टॅकल इथे अजूनही लोकांच्या बोलण्यात येतो. पुढे ल्यूक, टॉम आणि जॉर्ज हे त्याचे तिन्ही भाऊ सिडनीला गेले आणि २०१३ मध्ये चौघेही रॅबिटोजकडून एकाच सामन्यात खेळले. २०१४ च्या अंतिम सामन्यात जॉर्जने ट्राय केला.

याच आजाराने लीड्स ऱ्हायनोजच्या रॉब बरोला गाठले. बरो फॉरवर्ड नव्हता. त्या संघातला सर्वांत लहान चणीचा, चपळ खेळाडू होता. त्याचा कर्णधार केविन सिनफील्ड मात्र लूज फॉरवर्ड होता. मित्रासाठी आणि या आजाराच्या संशोधनासाठी निधी जमवायला सिनफील्डने डिसेंबर २०२० मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन पूर्ण केल्या, कारण बरोचा क्रमांक ७ होता. मे २०२३ मध्ये लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये त्याने बरोला चाकाच्या खुर्चीतून पूर्ण मार्ग ढकलत नेले आणि शेवटच्या रेषेपाशी खुर्चीतून उचलून, कडेवर घेऊन ती रेषा ओलांडली. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. माझ्या शेजारचा पोलीस रडत होता. बरो २ जून २०२४ रोजी गेला.

सिनफील्डनेही २०१५ मध्ये लीड्सला हंगामातले तिन्ही प्रमुख चषक जिंकून दिल्यावर कारकिर्दीच्या शेवटी युनियन खेळून पाहिले होते; त्यामुळे धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे आता वळावे असे सुचवतो.

शब्दवेध

दुसऱ्या प्रश्नावर माझे मत असे, की बर्जेसचा युनियनकडे जाण्याचा निर्णय चुकला. युनियनने व्यावसायिकता स्वीकारली १९९५ मध्ये, म्हणजे हडर्सफील्डच्या सभेनंतर बरोबर शंभर वर्षांनी. त्याआधी लीगमध्ये गेलेल्या माणसाला युनियनचे दरवाजे बंद असत. ते उघडल्यावर जे यशस्वी झाले ते बहुतेक मागच्या फळीतले धावणारे खेळाडू होते, कारण मोकळ्या जागेत धावणे दोन्ही खेळांत सारखेच असते. फॉरवर्डचे तसे नाही. लीगमध्ये टॅकल झाला की क्षणभर खेळ थांबतो. युनियनमध्ये तिथेच चेंडूसाठी झटापट सुरू होते. कधी घुसायचे, कधी हात काढायचा, कोणत्या बाजूने यायचे, हे वर्षानुवर्षांच्या सवयीनेच अंगात मुरते. पंचविसाव्या वर्षी, ऐन बहरात असताना, एका विश्वचषकासाठी हे सगळे सोडणे म्हणजे हातातले पीक उभे ठेवून दुसऱ्याच्या शेतात नांगर धरण्यासारखे झाले.

पेनाइनपार

शब्दवेध, निदान पटले, निष्कर्ष पटला नाही. चूक त्याच्यापेक्षा त्याला वापरणाऱ्यांची अधिक होती. बाथने त्याला आधी मधल्या फळीत खेळवून पाहिले आणि नंतर फॉरवर्ड म्हणून फ्लँकरच्या जागी स्थिर केले. इंग्लंडने मात्र त्याला विश्वचषकात इनसाइड सेंटर या मधल्या फळीतल्या जागेसाठी निवडले, म्हणजे क्लबमध्ये एक काम आणि देशासाठी दुसरे. २६ सप्टेंबर २०१५ रोजी ट्विकनहॅमला वेल्सविरुद्ध तो सेंटर म्हणून सुरुवातीपासून खेळला. त्याला बाहेर घेतले तेव्हा इंग्लंड पुढे होते; सामना २५-२८ असा हरले. पुढे इंग्लंड गटातच बाद झाले, आणि एकट्याने यजमानपद घेतलेल्या देशावर अशी पाळी त्याआधी कधी आली नव्हती. त्यानंतर वर्तमानपत्रांत आणि गावागावांतल्या पबमध्ये सगळा राग जणू या एकाच माणसावर निघाला, आणि जेमतेम वर्षभर तो खेळ खेळलेल्या माणसावर तो काढणे अन्यायाचे होते असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

शब्दवेध

अन्याय झाला, हे मान्य. तरीही नुकसान त्याचेच झाले, आणि ते वर्ष फॉरवर्डच्या आयुष्यातले होते, ज्याच्याकडे वर्षे मुळातच मोजकी असतात.

गिरणगावकर

ज्याचे शरीर हेच भांडवल आहे, त्याने बाजारात जास्तीत जास्त भाव मिळेल तेव्हा ते विकावे, यात मला काहीही गैर वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी सहा शिलिंगांसाठी ज्यांना बाहेर काढले, त्यांच्याच गावचा मुलगा सन्मानाने बोलावला गेला, याचे तर मला समाधान वाटते. क्लबवरच्या निष्ठेची अपेक्षा आपण खेळाडूकडून करतो; क्लब जायबंदी खेळाडूशी किती काळ निष्ठा राखतात, हेही विचारावे.

निर्मला_भौतिकोपचार

निवृत्तीबद्दल थोडे लिहिते, कारण तो माझा विषय आहे. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू. त्याला जागेवर ठेवण्याचे काम हाडांपेक्षा स्नायू आणि अस्थिबंध करतात. फॉरवर्ड प्रत्येक सामन्यात डझनावारी टॅकल याच सांध्याने करतो आणि चेंडू घेऊन धडकताना पडतोही बहुधा त्याच्यावरच. मी वाचले त्याप्रमाणे बर्जेसच्या खांद्याला शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झाला आणि दुखणे हटले नाही. सांध्यात शिरलेला जंतू हा हाड मोडण्यापेक्षा वाईट, कारण मोडलेले हाड जुळते, पण झिजलेली कूर्चा परत येत नाही. तिसाव्या वर्षी त्याने ‘पुरे’ म्हटले, हे मला त्याच्या कारकिर्दीतले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते.

सिडनीवासी

मधली वर्षे राहून गेली, ती जोडतो. परतल्यावर तो २०१६ मध्ये इंग्लंडचा कर्णधार झाला. २ डिसेंबर २०१७ रोजी ब्रिस्बेनला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला ६-० असे हरवले. पूर्ण सामन्यात एकच ट्राय झाला, बाकी सगळा वेळ दोन्हीकडचे फॉरवर्ड एकमेकांना मीटरा-मीटराने रोखत होते. त्याआधी २०१३ च्या उपांत्य सामन्यात वेम्ब्लीवर न्यूझीलंडने शेवटच्या क्षणांत ट्राय करून इंग्लंडला २०-१८ असे हरवले होते. माझ्या मते बर्जेसचा सर्वोत्तम सामना तो वेम्ब्लीचा. तो सामना त्याचा संघ हरला, म्हणून त्याची आठवण कमी निघते.

अनघा_वाचते

म्हणजे दोन्ही विश्वचषक एका ट्रायच्या अंतराने गेले. आता तो काय करतो?

पेनाइनपार

प्रशिक्षक झाला आहे. आधी न्यू साउथ वेल्समधल्या एका ग्रामीण संघाला शिकवले, मग २०२४ च्या हंगामापासून इंग्लंडमधील वॉरिंग्टनची जबाबदारी घेतली. पहिल्याच वर्षी संघ चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि विगनकडून १८-८ असा हरला. २०२५ मध्ये पुन्हा पोहोचला आणि हल केआरकडून ८-६ असा हरला, तोही अखेरच्या मिनिटांत.

डावा_कोपरारक्षक

मूळ प्रश्नाकडे परत येतो. आठवडाभर या धाग्याने मला झोपू दिले नाही, म्हणून २०१४ चा तो सामना मी शोधून दोनदा पाहिला. पहिल्यांदा चेंडूकडे पाहिले. दुसऱ्यांदा फक्त १३ क्रमांकाकडे पाहिले, चेंडू कुठेही असो. धडक मारून उठतो, एकदा गालाला हात लावतो, मागे जातो, ओळीत उभा राहतो, शेजाऱ्याला हाताने जागा दाखवतो, टॅकल करतो, पुन्हा मागे जातो. उत्तरार्धात गाल सुजला आहे, तरी मागे जाण्याचा वेग फारसा कमी झालेला दिसत नाही. माझ्या मुलांना मी हेच दाखवणार आहे: तो मागे कसा जातो ते. हाड मोडल्याचे सांगणार नाही. निर्मलाताईंची हरकत मला पटली आहे.

शब्दवेध

कोपरारक्षकांचे निरीक्षण उत्तम आहे. मात्र दीर्घायुष्य हेही एक माप मानावे, असे मला वाटते. हुकर कॅमेरन स्मिथ ऑस्ट्रेलियातील स्पर्धेत ४३० सामने खेळला. तेवढी वर्षे शरीर सांभाळणे ही वेगळी विद्या आहे आणि ती बर्जेसला लाभली नाही.

सिडनीवासी

शब्दवेध, हुकरला टॅकल पुष्कळ करावे लागतात हे खरे, पण प्रॉपसारखा चेंडू घेऊन तो वारंवार भिडत नाही, त्यामुळे ही तुलना मला समान वाटत नाही. दीर्घायुष्याचे माप लावायचे तर पेटेरो सिव्होनिसेव्हासारख्या प्रॉपचे लावावे, जो ३०९ सामने खेळला. त्या मापाने बर्जेस कमी पडतो, हे मान्य करतो.

निर्मलाताई, एक प्रश्न विचारायचा राहिला आहे, आणि तो वादासाठी विचारत नाही. त्या संध्याकाळी आपण रॅबिटोजच्या बाकावर वैद्यकीय पथकात असता, तर काय केले असते?

निर्मला_भौतिकोपचार

पहिल्या धडकेनंतर लगेच त्याला बाहेर बोलावले असते, डोळ्यांपुढे बोट फिरवून नजर तपासली असती आणि परत पाठवले नसते. रॅबिटोज हरले असते तरी माझा निर्णय तोच राहिला असता.

कोपरारक्षकांचा प्रतिसाद वाचून काल रात्री मीही तो सामना पाहिला. शेवटचा भोंगा वाजल्यावर तो रडतो, तिथपर्यंत पाहिला. मी शेवटची वीस मिनिटे उभी होते, हे सामना संपल्यावर माझ्या लक्षात आले.